पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधी माझी ओळख देते, नाहीतर हा रिव्ह्यू कशाला लिहिलाय ते कळायचं नाही. मी पुण्यात एस.वाय. बीएस्सीला आहे, विषय जिऑलॉजी, राहायला होस्टेलवर. गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या स्टँडवर उतरलं की पुढे अजून पाऊण तास दुसरी एसटी. आवड म्हणाल तर पहिली दगडांची. लहान असताना ओढ्यात पांढऱ्या चकाकणाऱ्या गारा सापडायच्या, त्या फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचे आणि आई त्या झाडताना परत अंगणात टाकायची, कॉलेजला आल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याच झिओलाइट होत्या, आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हा, तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत नंतर हळूहळू ही खनिजं भरत गेली. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा खडक आहे हा आणि आम्ही त्याच्यावर कपडे धुतो. दुसरी आवड आजीच्या ओव्या, जात्यावरच्या, तिला येतात तेवढ्या वहीत उतरवून घेते, एकशे चाळीस झाल्यात. आणि तिसरी आवड लिहिणं. कथा-कविता मी करत नाही, मी पत्रं लिहिते. दर आठवड्याला एक, पोस्टकार्डावर, आजीला.

आणि आज रिव्ह्यू त्याच पोस्टकार्डाचा. लोक मोबाईलचे, इयरफोनचे, बिर्याणीचे रिव्ह्यू लिहितात, मी जी वस्तू गेलं दीड वर्ष सगळ्यात जास्त वापरली ती ही, मग तिच्याबद्दल लिहायला नको?

सुरुवात कशी झाली ते सांगते. आजीला कमी ऐकू येतं. मशीन आणून दिलं होतं पण त्यात खरखर होते म्हणून ती घालत नाही. फोन लावला की "जेवलीस का" हे मी चारदा ओरडणार, ती "हां हां" म्हणणार, मग "ठेवते आता, बिल येतंय" म्हणून ठेवणार, बिल येत नाही हे कितीही सांगा. होस्टेलच्या पॅसेजमध्ये उभं राहून ओरडायची मलाही लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर ओरडून फक्त जेवणाचंच विचारता येतं, मनातलं काही सांगता येत नाही. पण आजी चौथी शिकलेली आहे आणि वाचते. पोथी वाचते, पेपर वाचते, किराण्याच्या पुडीचा कागद पण सरळ करून वाचते. मी पुण्याला निघाले तेव्हा एसटीत बसताना तिने सवयीने सांगितलं, "पोचलीस की कार्ड टाक." जुन्या माणसांच्या तोंडात ते बसलेलंच असतं. बाकी सगळे हसले, पण मी पोचल्यावर खरंच कार्ड टाकलं.

आता वस्तूबद्दल. पोस्टकार्ड ५० पैशाला मिळतं, तिकीट त्याच्यावर छापलेलंच असतं, म्हणजे कागद आणि देशात कुठेही पोचवण्याची मजुरी धरून ५० पैसे. काश्मीरला पाठवा नाहीतर शेजारच्या गल्लीत, तेवढेच. मी आत्तापर्यंत ७२ कार्डं टाकली, त्याचे ३६ रुपये झाले, दीड वर्षाचे. आमच्या कॉलेजसमोर तेवढ्यात दोन चहा आणि एक क्रीमरोल येतो. हे एक कार्ड छापून, गाडीत घालून, सायकलवरून नेऊन एखाद्या वाडीवरच्या घरात पोचवायला पोस्ट खात्याला याच्या कितीतरी पट खर्च येतो आणि फरक खातं सोसतं, म्हणून मला ही वस्तू स्वस्त म्हणण्यापेक्षा कुणीतरी आपल्यासाठी ठेवलेली सोय वाटते आणि मी ती मान देऊन वापरते.

भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा. त्याच्या दहा वर्षं आधी १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं निघालं होतं. पाव आण्यात पत्र जायला लागल्यावर, ज्यांना पाकीट परवडत नव्हतं त्यांच्या घरी पण टपाल यायला लागलं असणार, मला तरी इतिहासातली ही मोठी गोष्ट वाटते, आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र रेल्वेवर दोन पानं आणि टपालावर एक ओळ होती.

आकार १४ सेंटीमीटर बाय ९. मी पट्टीने मोजलंय. कागद बदामीसर, पातळ पुठ्ठ्याचा, किंचित खरखरीत. एका बाजूला पूर्ण मजकूर, दुसऱ्या बाजूला उजवीकडे पत्ता आणि पिनकोडच्या सहा चौकटी, डाव्या अर्ध्या भागात उरलेला मजकूर लिहिता येतो. माझ्या बारीक अक्षरात मागे सतरा ओळी बसतात, पण आजीसाठी मोठं लिहावं लागतं, मग अकराच. अकरा ओळी म्हणजे नव्वद-पंच्याण्णव शब्द. पुढच्या बाजूचा अर्धा भाग धरला तर अजून पंचवीस-तीस. बस. त्याच्यापुढे जागा नाही.

पेनाचं सांगते कारण हे मी चुकत चुकत शिकले. शाईचं पेन या कागदावर चांगलं दिसतं पण शाई फुटते, विशेषतः वेलांटीच्या गोलात, "की" चा "को" दिसायला लागतो. जेल पेन लगेच वाळत नाही, ओळ संपवून हात खाली आणला की वरची ओळ तळहाताला लागलेली असते. बॉलपेन सगळ्यात बरं, फक्त दाबून लिहायचं नाही, दाबलं की पत्त्याच्या बाजूला उमटतं. आणि पावसाळ्यात बॉलपेनच, दुसरं काही नाही. पहिल्या जुलैत मी हौसेने शाईच्या पेनाने लिहिलेलं कार्ड गावी पोचलं ते निळं ढगाळ होऊन. आमच्याकडे पाऊस म्हणजे चार महिने आडवा-तिडवा, पोस्टमनकाकांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं तरी. आजीने ते चुलीच्या उबेला वाळवलं आणि तिला त्यातलं "दगड" आणि "भात" एवढंच लागलं. तिने कळवलं, "शाई रडली, परत लिही." मी परत लिहिलं.

मजकुराची रीत मला आजीने लावली. पहिल्या कार्डात मी "प्रिय आजी" लिहिलं होतं, तर तिने पुढे एका उत्तरात मला कसं लिहायचं ते लिहून पाठवलं. वर मधोमध श्री, उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग "ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.", म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, मग मजकूर, शेवटी "लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार", "कळावे" आणि सही. ता. क. लिहायचं असेल तर सहीच्या खाली. तुम्हाला वाटेल यात निम्मी जागा गेली. नाही जात. दीड ओळ जाते, आणि त्या दीड ओळीत मी वाकून नमस्कार केल्यासारखं मला खरंच वाटतं. पत्त्यात पण मु. पो., ता., जि. हे जागच्या जागी लागतं, "मु. पो." म्हणजे मुक्काम आणि पोस्ट, वाडीचं पोस्ट दुसऱ्या गावात असेल तर मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं लिहायचं, शहरातल्या माझ्या रूममेटला हे माहीतच नव्हतं.

पिनकोडची एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा घाईत मी शेवटचा आकडा चुकवला. कार्ड गेलं तालुक्यातल्याच दुसऱ्या एका पोस्टात, तिथून कुणीतरी लाल पेनाने बरोबर पोस्टाचं नाव लिहून फिरवलं आणि ते पंधराव्या दिवशी आजीच्या हातात पडलं. चूक माझीच होती, आणि ज्या माणसाने ती लाल पेनाने सुधारली त्याला मी कधी भेटणार नाही पण त्याचं अक्षर माझ्याकडे आहे. तेव्हा मी पिनकोड समजून घेतला. पहिला आकडा विभाग, आपला महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतो, पहिले तीन मिळून टपाल वेगळं करायचा जिल्हा, पुणे ४११, आमच्याकडे ४१५, आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तरी कार्ड जिल्ह्यात येतंच, भलतीकडे जात नाही. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात गावांची नावं सारखी, लिप्या वेगळ्या, पत्ते वाटेल तसे लिहिलेले, त्याच्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. ऑनलाइन मागवलेलं पार्सल पण आज त्याच आकड्यांवर घरी येतं. मी चौकटीत आकडे भरताना आता सावकाश भरते.

पोचायला किती दिवस? माझ्या वहीत प्रत्येक कार्डाची टाकल्याची तारीख आहे आणि आजी उत्तरात पोचल्याची लिहिते, त्यावरून पुणे ते आमचं गाव सगळ्यात कमी ४ दिवस, बहुतेक वेळा ५ ते ६, गणपती-दिवाळीत आणि मोठ्या पावसात जास्त. घाईचा निरोप असेल तर पोस्टकार्ड त्यासाठी नाहीच. ट्रॅकिंग नाही, पोचपावती नाही. पेटीत टाकलं की आपल्या हातातून गेलं. रजिस्टर पोस्ट हवं असेल तर तेही आता वेगळं राहिलेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्ये घेतलंय. तेव्हा आमच्या ग्रुपवर "लाल पेट्या बंद होणार" असे मेसेज फिरत होते, माझ्या पोटात गोळाच आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी आधी जाऊन कोपऱ्यावरची पेटी बघितली, होती जागेवर, वेळेची पाटी पण होती. साधी पत्रं आणि कार्डं चालूच आहेत.

मिळायची मात्र थोडी अडचण असते. मी पहिल्यांदा एका छोट्या पोस्टात मागितली तर काउंटरवरच्या बाईंनी "कार्डं संपलीत, सोमवारी बघा" सांगितलं, सोमवारी पण नव्हती. तिसऱ्या खेपेला मी लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टात गेले आणि एकदम पन्नास घेतली, पंचवीस रुपयांची. काउंटरवरच्या काकांनी गठ्ठा मोजून दिला आणि विचारलं, "स्पर्धेला का?" मी म्हटलं, आजीला. त्यांनी गठ्ठ्याला रबर लावून दिलं. तर सांगायचं एवढंच की एकेक घ्यायला जाऊ नका, मोठ्या पोस्टातून एकदाच घेऊन ठेवा. जोडकार्ड मिळालं तर जरूर घ्या, एक रुपयाला असतं, दोन कार्डं जोडलेली, एकावर तुम्ही लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर आपला पत्ता घालून ठेवायचा म्हणजे समोरच्याला उत्तर लिहायला वेगळं कार्ड शोधावं लागत नाही. आजीसाठी मी तेच बघत असते.

आंतरदेशीय आणि पाकीटही मी वापरलंय. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयाला, ते आलं २ ऑक्टोबर १९५० ला, निळसर, तीन घड्या घालून चिकटवायचं, आतलं कुणाला दिसत नाही. पाकीट पाच रुपयाला. अकरावीत असताना पोस्टाच्या ढाई आखर स्पर्धेसाठी मी आंतरदेशीयवर लिहिलं होतं, मर्यादा पाचशे शब्दांची. बक्षीस नाही मिळालं. आज ते पत्र आठवलं तर त्यात मी मोठे मोठे शब्द वापरले होते, "ऋणानुबंध" दोनदा आला होता, आणि गावातल्या एकाही माणसाचं नाव नव्हतं. जागा भरपूर असली की मी तशी लिहिते. कार्डावर ते चालत नाही.

आणि मी लिहायला लागले ती खरी इथे. पहिल्या कार्डात मी लिहिलं होतं, मी बरी आहे, काळजी करू नको, अभ्यास चालू आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत, पुणे मोठं आहे. अकरा ओळी अशाच भरल्या. आजीचं उत्तर आलं, तीन ओळींचं, तिच्या त्या सुट्या सुट्या अक्षरात: "बरी हायस ते कळलं. काय जेवलीस ते लिव. खोलीला खिडकी कुठल्या अंगाला हाय ते लिव." मी ते कार्ड हातात घेऊन कॉटवर बसले आणि पहिल्यांदा बघितलं की खिडकी उत्तरेला आहे, तिच्यातून एक बदामाचं झाड आणि पाण्याची टाकी दिसते आणि ऊन आत येतच नाही. तीन आठवडे मी त्या खोलीत राहत होते आणि मला हे माहीत नव्हतं. पुढच्या कार्डात खिडकी लिहिली, मेसची आमटी लिहिली, तिच्यात गूळ घालतात आणि ती आपल्यासारखी लागत नाही हे लिहिलं. त्या दिवसापासून मी कार्डासाठी आठवडाभर बघत असते. एखादी गोष्ट दिसली की मनात येतं, ही आजीला लिहायची.

माझा विषय पण तिला कार्डावरच सांगावा लागतो. आम्हाला फील्डला एका खाणीत नेलं होतं, तिथे काळ्या दगडात गोल गोल पोकळ्या आणि त्यात पांढरं भरलेलं. सरांनी सांगितलेला शब्द लिहून उपयोग नाही. मी लिहिलं, "आजी, धिरड्याला जाळी पडते ना, तशी जाळी दगडाला पडलेली असते. दगड तेव्हा पिठासारखा पातळ आणि तव्यापेक्षा तापलेला होता. नंतर त्या जाळीत पाणी मुरून पांढरे खडे धरले. माझ्या ओच्यात असायचे ते हेच." एवढं बसवायला मी कच्च्या कागदावर चारदा खोडलं. परीक्षेत त्याच प्रश्नाला माझे पैकीच्या पैकी आले, कारण मला तो आजीला सांगितल्यावर कळला होता.

आता आजीकडच्या तारेबद्दल. आमच्या जुन्या घरात सोप्यात दाराच्या मागे खुंटीला एक जाड तार टांगलेली आहे, खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की तारेला टोचायचं. माझी ७२ कार्डं सगळी त्या तारेला आहेत, प्रत्येकाला मधोमध भोक. मागच्या दिवाळीत ती तार मी पहिल्यांदा खाली उतरवून पूर्ण बघितली. वर माझी, मग मध्ये बऱ्याच वर्षांची काहीच नाही, एखादं बँकेचं, एखादं लग्नाचं, चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं, आणि त्याखाली जुनी पिवळी पडलेली. मयताचं एकही नाही. ते असणारच नाही, कोपरा फाडलेलं कार्ड आलं की आमच्याकडे ते उंबऱ्याच्या बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात आणायचं नाही.

सगळ्यात खालचं डिसेंबर १९६७ चं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबरच्या पहाटे झाला, आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती, सोळा-सतरा वर्षांची. तिचा थोरला भाऊ मुंबईला, हे कार्ड त्याचं. कार्डावर एवढंच: "पेपरात वाचले. घर पडले असल्यास हरकत नाही. माणसे किती आहेत ते कळवावे." आजीला विचारलं, मग तू काय कळवलंस? म्हणाली, "समदी हायत म्हणून लिवलं." मी जिऑलॉजी घेतलं त्याला ती पहाट कारण आहे, लहानपणापासून ऐकत आले, भांडी कशी वाजली, जनावरं आधीच कशी ओरडायला लागली. आता आमच्या भागात जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून शास्त्रज्ञ तो खडक तपासतात, कराडजवळ हजारमाचीला त्यांची प्रयोगशाळा आहे, मला एक दिवस तिथे काम करायचंय. हे मी अजून कुणाला बोलले नव्हते, आजीला कार्डावर लिहिलं होतं.

त्याच्या वर आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची कार्डं. आबा गिरणीत होते, लालबागला, आमच्याकडची निम्मी माणसं तेव्हा तिकडेच, एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीने झोपणारे. महिन्याला मनीऑर्डर आणि एक कार्ड. मी आबांना पाहिलेलं नाही, मी जन्मायच्या आधी ते गेले. त्यांचं अक्षर मात्र मला त्या तारेवर भेटलं, तिरपं, ओळीच्या शेवटी खाली उतरत जाणारं. १९८२ च्या फेब्रुवारीतलं एक कार्ड आहे. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. मजकूर चार वाक्यांचा, मी वहीत उतरवून घेतलाय: "गिरणी बंद आहे. या महिन्याची मनीऑर्डर येणार नाही. माझे बरे आहे. शेळी विकू नये."

हे कार्ड उघडं आलं होतं. पोस्टमनने वाचलं असेल, वाडीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत. पोस्टकार्डाला लोक हाच दोष देतात की ते कुणीही वाचतं, आणि तो दोष आहेच, मी नाकारत नाही, ज्याला खाजगी काही लिहायचंय त्याने अडीच रुपये घालून आंतरदेशीय घ्यावं. पण आबांच्या त्या शेवटच्या तीन शब्दांवर मी खूप वेळ थांबले. बायकोला दुधाची शेळी राहू दे, पोरं लहान आहेत, माझ्यासाठी मोडू नकोस, हे सगळं त्यांनी वाडीदेखत लिहिलं आणि आजीला तेवढंच कळलं. आजीला विचारलं, विकलीस का गं? "न्हाय इकली," म्हणाली, आणि तार परत खुंटीला लावायला सांगितली.

मी का लिहिते असं परवा मैत्रिणीने विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, मी म्हटलं आवडतं म्हणून. नीट सांगायचं तर असं आहे की आबांनी आजीशी फोनवर बोललेलं काही असतं तर ते आज माझ्यापर्यंत आलं नसतं. चार वाक्यं कार्डावर होती म्हणून चव्वेचाळीस वर्षांनी नातीच्या वहीत आली. माझ्या खिडकीतलं बदामाचं झाड, मेसची गोड आमटी, दगडाची जाळी हे पण त्याच तारेला आहे, आबांच्या वर. मला तिथे खोटं, फुगवलेलं काही टोचून ठेवायचं नाही. म्हणून चारदा खोडते.

कुणाला घ्यावं असं सांगेन? ज्याच्या घरी कुणी वयस्कर माणूस आहे आणि त्याला वाचता येतं, त्याने नक्की. ज्याला लिहायची सवय लावायची आहे पण कोरी वही बघून घाबरायला होतं, त्याने तर आजच, कारण अकरा ओळी कुणालाही जमतात आणि त्या कुणाला तरी पोचतात. परदेशी पाठवायचं असेल तर हे कार्ड चालत नाही, जास्त तिकीट लागतं. मार्क द्यायचे तर किंमत पाचपैकी पाच, कागद साडेतीन, पोचणं चार, मिळणं तीन. आणि जागेची मी तक्रार करणार होते पण करत नाही, जागा आहे तेवढी बरोबर आहे.

आजीचं शेवटचं उत्तर या मंगळवारी आलं, जोडकार्डाच्या दुसऱ्या अर्ध्यावर. "चि. बाळीस अनेक आशीर्वाद. पाऊस उगडला. भात झोडून झालं, सात पोती भरली. तुजा दगूड देवळीत ठेवलाय. तार भरली, नवी करून घितली. पुडचं लिव." मी आत्ता तेच लिहायला बसणार आहे, कॉलेजच्या कोपऱ्यावरची पेटी साडेचारला उघडतात.